काउंटरवरचा फुकट सल्ला

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पळस्पे फाटा ओलांडला की कोन येते. द्रुतगती मार्गावर चढायची जागा म्हणून हे नाव बऱ्याच मुंबईकरांच्या तोंडी असते. काही हजार गिरणी कामगार कुटुंबांच्या तोंडी मात्र ते वेगळ्याच कारणाने आहे. २०१६ साली म्हाडाने गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी सोडत काढली, ती इथल्या सुमारे २,४०० घरांची. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील योजनेत बांधलेली १६० चौरस फुटांची दोन घरे जोडून ३२० चौरस फुटांचे एक, किंमत ६ लाख. चाव्या हाती यायला वर्षे गेली. मधल्या काळात करोना आला आणि याच इमारतींत विलगीकरण केंद्र उघडले. ज्या संपाने गिरणगाव मोडला, तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता. म्हणजे घर मिळेपर्यंत बहुतेकांचे केस पांढरे झालेले, किंवा घर नातवाच्या नावावर.

अशा घरात शिरलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? देवाचा फोटो लावतो, दूध उतू घालतो आणि मग नळ बघतो. नळ गळत असतो. खिडकीला जाळी हवी असते, ओट्यावर टाइल्स हव्या असतात, वायरिंगवर भरवसा नसतो. इथून पुढचा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा: हे सामान पनवेलच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणायचे की फोनवरून मागवायचे? पण त्या हिशेबाखाली जुनी धर्मचर्चा आहे. शेजाऱ्याकडून घेणे हे कर्तव्य आहे की नुसती सवय?

जड मालाचा निवाडा तराजूच करून टाकतो. ५० किलोची सिमेंटची गोणी, १०० घनफुटांचा एक ब्रास क्रश सँड किंवा खडी, यांचे वाहतूक भाडेच इतके की माल जवळचाच परवडतो. शिवाय कोकणातला पावसाळा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते असे धरतात. गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचणारा गवंडी म्हणूनच शहाणा. खरी ओढाताण हलक्या, डब्यात बसणाऱ्या मालाची: नळ, मिक्सर, स्विच, वायर, कुलूप. इथे फोनवरचा भाव कमी दिसतो, आणि पुष्कळदा तो खरोखरच कमी असतो.

गांधीजींनी १९१६ साली मद्रासच्या भाषणात या प्रश्नाला न्हाव्याचे उदाहरण दिले होते. गावचा न्हावी असताना मद्रासहून आलेल्या सफाईदार न्हाव्याकडे जाऊ नये. हवे तर आपल्या न्हाव्याला शिकायला मद्रासला धाडावे, पण तोवर त्याला सोडू नये. स्वदेशीची ही व्याख्या देशाच्या सीमेपेक्षा गल्लीच्या कोपऱ्याशी जास्त जोडलेली होती. कोनपासून फार लांब नसलेल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनीही स्वधर्माचा अर्थ असाच जवळून लावला. जो जन्मासोबत पदरी पडतो, शोधायला लांब जावे लागत नाही, तो स्वधर्म.

विचार सुंदर आहे, पण तो ३२० चौरस फुटांच्या घरमालकाला सांगताना जीभ अडखळावी. दूरच्या स्वस्त नळाने त्याचे चारशे रुपये वाचत असतील, तर त्यागाची पावती त्याच्याच नावावर का फाडायची? आणि ‘स्थानिक’ तरी कशाला म्हणायचे? दुकानातल्या टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या, फोनवरून येणाऱ्याही बहुधा मोरबीच्याच. दोन्हींत गल्लीतला असतो तो फक्त काउंटरमागचा माणूस.

त्या माणसाच्या नावावरही सगळे पुण्य जमा नाही. प्लंबर ज्या दुकानाचे नाव सांगतो, तिथे अनेकदा त्याचा टक्का ठरलेला असतो आणि तो गिऱ्हाइकाच्या बिलातून निघतो. ब्रास मोजताना डंपरचा हौदा किती भरला, हे पाहायला मालक उभा नसेल तर माप हलके होते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत कमी-जास्त मापे बाळगणे आणि भेसळ हे दोन्ही आहेत. व्यापाराची नस ओळखूनच ती यादी केलेली दिसते. पनवेल-उरण पट्ट्यात प्रकल्पांसाठी जमिनी गेलेल्या गावांतल्या अनेक तरुणांनी रेती-खडीच्या सप्लायचा धंदा धरला. ज्याची जमीन गेली त्याला कामात वाटा मिळावा, हे न्याय्यच. पण ‘माल आमच्याकडूनच’ हा आग्रह जिथे दमदाटीवर येतो, तिथे शेजारधर्म संपून खंडणी सुरू होते.

मग फोनवरून मागवणाऱ्याच्या हातून काही चुकते का? नुसते मागवण्यात काहीच नाही. चूक होते ती आणखी एका ठिकाणी, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

गिऱ्हाईक दुकानात येते. अर्धा इंची की पाऊण इंची हे त्याला माहीत नसते. दुकानदार जुना नळ हातात घेऊन आटे बघतो, भिंतीतला पाइप कसला आहे ते विचारतो, कोणते कपलिंग लागेल ते सांगतो, टेफ्लॉन टेप किती वेढे मारायची तेही सांगतो. चार नळ काढून दाखवतो. गिऱ्हाईक मॉडेल नंबरचा फोटो काढते, ‘घरी विचारून येतो’ म्हणते आणि रिक्षात बसल्या बसल्या तोच नळ फोनवर मागवते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेल्याची परतफेड न करता भोग घेणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. तिथे संदर्भ देवांचा आणि यज्ञाचा आहे हे खरे, पण चक्र तेच. दुकानदाराचे पंचवीस वर्षांचे ज्ञान नळाच्या किमतीत धरलेले असते. नळ दुसरीकडून घेतला की ते ज्ञान फुकट उचलले जाते. चारशे रुपयांची बचत यात नळाची किती आणि उचललेल्या सल्ल्याची किती, हे ज्याचे त्याने मोजावे. गरिबी इथे सबब होत नाही, कारण गरिबाला सरळ मार्ग मोकळा आहे: माहितीही फोनवरच शोधावी आणि चुकीचा नळ आला तर परत पाठवायचा खटाटोपही स्वतःच करावा.

त्या खटाटोपालाही आता कायद्याचा आधार आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री-मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. दुकानात हेच काम ओळखीवर चालते. टाइल्सचे दोन खोके कमी पडले तर त्याच लॉटचे, त्याच छटेचे खोके तो शोधून देतो. न फोडलेले उरले तर बहुधा परतही घेतो. रविवारी संध्याकाळी पाइप फुटला की वीस रुपयांचा एल्बो त्याच्याकडेच मिळतो. एरवी सगळे फोनवरून मागवणाऱ्यालाही.

म्हणून या वादात दुकानाची बाजू घ्यावीशी वाटते, पण अटीवर. ज्याला शेजारी म्हणून मान हवा, त्याने मिस्त्रीचा टक्का बिलात लपवू नये आणि पक्के बिल मागणाऱ्याकडे संशयाने बघू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. पुढची गोणी घेताना पक्के बिल मागून त्यावर कोणता आकडा छापला आहे, ते बघून घ्यावे.