बेसलाइन नवी करण्याआधी

चि. सई हिस,


सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली, फार आनंद झाला. परवा तू विचारलंस, "काका, फायरवॉल आहे, मग रोज रात्री फाइल्स कशाला तपासायच्या?" फोनवर उत्तर घाईत दिलं, म्हणून हे पत्र.

फायरवॉल ओलांडून आत शिरलेला माणूस आधी स्वतःला लपवतो. लिनक्सवर चालू प्रोग्राम दाखवणारी 'पीएस' आणि फाइल्सची यादी देणारी 'एलएस' या कमांडच तो बदलून ठेवतो. तू यादी मागशील, ती त्याचं नाव गाळून येईल. साक्षीदारच फितूर! फाइलची तारीख आणि आकारही त्याला जुळवता येतो. फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश, जुळवणं मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं. एखाद्या फाइलमध्ये एकच अक्षर बदल आणि आधीचा, नंतरचा एसएचए-256 हॅश काढून बघ. 64 अक्षरांची ती ओळ ओळखू येणार नाही.

1992 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि त्याचे प्राध्यापक जीन स्पॅफर्ड यांनी 'ट्रिपवायर' लिहिलं ते याच जोरावर. मशीन स्वच्छ असतानाच फाइल्सचा पंचनामा करायचा, हॅश, मालक, परवानग्या सगळं नोंदवायचं आणि पुढे त्याच्याशी ताडून बघायचं. हा पंचनामा म्हणजेच बेसलाइन. तुमच्याकडचं 'एआयडीई' त्याच कुळातलं. तो पंचनामा त्याच मशीनवर ठेवू नकोस. रूट, म्हणजे सर्वाधिकाराचं खातं, हाती लागलेला माणूस फाइलबरोबर नोंदही बदलेल. लॉगसारख्या सतत बदलणाऱ्या फाइल्सच्या मजकुराचा हॅश घेऊ नकोस, नाहीतर रोजच्या रिपोर्टच्या गोंगाटात कामाची ओळ बुडते.

माझी बुडाली होती. पॅच टाकले त्या रात्री रिपोर्टमध्ये शेकडो ओळी आल्या. सगळे पॅचचेच बदल असं धरून मी न वाचता बेसलाइन नवी केली. त्यातली एक ओळ दुरून लॉगिन करायच्या एसएसएचच्या सेटिंगची होती, पॅचशी काही संबंध नसलेली. कुणीतरी रूटला बाहेरून पासवर्डने लॉगिन उघडून ठेवलं होतं. अकरा दिवसांनी ते दुसऱ्याच कामात नजरेला पडलं. तोवर रोजचा रिपोर्ट 'बदल नाही' म्हणत होता, कारण तो बदल मीच मंजूर केला होता. ते अकरा दिवस मला अजून बोचतात.

म्हणून सांगतो, रिपोर्टची प्रत्येक ओळ पॅचच्या यादीशी ताडून बघ. एका जरी ओळीचं कारण सापडलं नाही, तरी वरिष्ठ कितीही घाई करोत, बेसलाइनला हात लावू नकोस.

तुझा,
काका