किंमत आणि मोल

रविवारी सकाळी आबिड्सची बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांपुढील फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. हैदराबादेत वाढलेल्या मराठी वाचकाला त्याचे वर्णन ऐकवण्याची आवश्यकता नाही. काही महिन्यांपूर्वी तेथील एका ढिगात मॉरिस मायनर मोटारीच्या दुरुस्तीचे एक जीर्ण पुस्तक माझ्या हाती लागले. विक्रेत्याने पन्नास रुपये सांगितले. मी पाकीट काढतो आहे तोच त्याने विचारले, "गाडी भी है क्या, या खाली किताबइच?" गाडी आहे, असे मी भाबडेपणाने सांगून टाकले, आणि पन्नासाचे शंभर झाले. पुस्तक तेच होते. बदलले होते ते माझ्या गरजेविषयीचे त्याचे ज्ञान. मग किंमत नावाची गोष्ट वस्तूत राहते, की ती मागणाऱ्याच्या मनात?

हा प्रश्न फार पुरातन आहे. पादत्राणाचे दोन उपयोग होतात, एक पायात घालण्याचा आणि दुसरा बदल्यात काही मिळवण्याचा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले होते. ॲडम स्मिथने 1776 साली पाणी आणि हिरा यांची तुलना करून तोच पेच मांडला: ज्यावाचून जगता येत नाही ते स्वस्त, आणि ज्यावाचून काही अडत नाही ते महाग. जुन्या युरोपीय मोटारींचा आजचा बाजार हा या पेचाचा मोठा बोलका दाखला आहे.

मे 2022 मध्ये मर्सिडीज कंपनीची 1955 सालची एक मोटार साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. तशा दोनच मोटारी निर्माण झाल्या होत्या. शर्यतीसाठी घडवलेली ती मोटार शर्यतीत मात्र कधीच धावली नाही. याउलट मॉरिस मायनर 1948 ते 1971 या काळात सोळा लाखांच्या आसपास तयार झाली. शिक्षक, परिचारिका, लहान व्यापारी अशा सामान्य माणसांना तिने वाहून नेले, आणि म्हणूनच इंग्लंडात आजही साधी मायनर काही हजार पौंडांत मिळते. जिने पुष्कळांची सेवा केली ती स्वस्त! बाजार इतिहासाला मोल देत नाही असे नव्हे. परंतु तो इतिहास नामवंताचा वा विजेत्याचा असावा लागतो, आणि त्याला कागदोपत्री आधार लागतो.

याचे उदाहरण आपल्या गावातही आहे. चौमहल्ला राजवाड्यात 1912 सालची पिवळी रोल्स रॉइस ठेवलेली आहे. ती सहाव्या निजामाच्या कारकिर्दीत मागवली गेली. परंतु 1911 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती सातव्या निजामाकडे आली. आत सिंहासनासारखे उंच आसन असलेली ही मोटार फार थोडे मैल धावली. ती अमूल्य आहे, यात शंका नाही. पण तिच्यासमोर उभे राहिले की वाटते, ही मोटार प्रवासाला निघालीच नाही.

आमच्या अण्णांची मायनर मात्र खूप हिंडली. 1959 साली त्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. आईला बाळंतपणासाठी तिनेच दवाखान्यात नेले, आणि प्रतिवर्षी गणपतीही तिच्याच मागच्या सीटवरून घरी आले. आयातीवर निर्बंध असल्याने सुटे भाग मिळेनात, तेव्हा अण्णांनी एका मेकॅनिकच्या मदतीने दुसऱ्याच मोटारीचे इंजिन तीत बसवले आणि पुढे कैक वर्षे ती चालवली. त्यांच्या पश्चात आठ वर्षे ती वाड्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. कोणी मागणी घातली की माझे थोरले बंधू म्हणत, "अण्णांची आठवण आहे ती. विकायची नाही."

गेल्या वर्षी बंगळूरचे एक गृहस्थ ती पाहावयास आले. त्यांनी आरसी बुक मागितले, इंजिनाचा क्रमांक ताडून पाहिला आणि मान हलवली. मूळ इंजिन नाही, म्हणजे अखंड गाडी म्हणून तिला भाव नाही. दारे, दिवे, काचा असे भाग मात्र ते चांगल्या दराने घेणार होते. मला संताप आला. आमच्या लेखी जे अण्णांचे कर्तृत्व, ते बाजाराच्या लेखी वैगुण्य! परंतु जाताना त्यांनी सहज विचारले, "शेवटची धुतली कधी होती?" आम्हा दोघा भावांपाशी उत्तर नव्हते. ताडपत्रीखाली उंदरांनी घर केले होते, पत्रा सडला होता. ज्या आठवणीच्या नावाने आम्ही आठ वर्षे गिऱ्हाइकांना परत पाठवले, तिच्यावर एक बादली पाणीही खर्च केले नव्हते.

येथे माझा पूर्वीचा निष्कर्ष डळमळला. बाजार निष्ठुर आहे हे खरे, परंतु ज्या वस्तूला भाव असतो तिची निदान निगा राखली जाते. पुष्कळदा आपली भावना म्हणजे केवळ ताबा असतो. तो सोडवत नाही आणि त्यासाठी काही करवतही नाही. सरकारच्या 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील मोटारींना स्वतंत्र नोंदणी दिली. मात्र त्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. जपायचे तर वापरायचे नाही, असाच जणू व्यवहाराचा दंडक आहे. अण्णांचा दंडक उलटा होता: वापरायचे, आणि वापरता यावे म्हणून जपायचे.

पुढे सिकंदराबादचा एक तरुण मेकॅनिक आला. बंगळूरकरांच्या रकमेच्या जेमतेम दोन-तृतीयांश देण्याची त्याची ऐपत होती. पण गाडी न मोडता तो ती स्वतःच्या हातांनी चालू करणार होता. घरात वाद झाला. बंधू म्हणाले, "विकायचीच तर पुरते पैसे का सोडायचे?" प्रश्न रास्त होता. मी इतकेच म्हणालो, "दादा, आठ वर्षे आपण आठवण आठवण म्हणत आलो, त्यासाठी दमडीही मोडली नाही. आता तिची किंमत मोजण्याची वेळ आली आहे." बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग उठून त्यांनी किल्ली आणून दिली.

त्या दोन रकमांमधला फरक हेच आमच्या भावनेचे एकमेव प्रामाणिक मोजमाप होते, असे मला वाटते. दुसरा काय द्यायला तयार आहे यावरून किंमत ठरते. आपण काय सोडायला तयार आहोत यावरून मोल ठरते. पिढ्यान्‌पिढ्या या गावात राहिलेल्या आपल्या घरांतून वाडे, पोथ्या, दप्तरे आणि खुद्द मराठी भाषाही अशीच ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली आहे. तिचा अभिमान आपण सांगतो. ती शेवटची वापरली कधी, असे कोणी विचारले तर?

आबिड्सचे ते पुस्तक मी त्या तरुणाला गाडीबरोबर देऊन टाकले. परवा तो वाड्यावर आला तेव्हा त्याची पाने तेलाने काळी झालेली दिसली. शंभर रुपये अधिक झाले, असे आता वाटत नाही.