घरी पाठवलेले मूल

वर्गात एखाद्या मुलाच्या डोक्यात उवा सापडल्या, की आपण पालक शाळेत धाव घेतो : "आधी त्याला घरी पाठवा." आपल्या लेकराची काळजी वाटणे चूक नाही. पण त्या मुलाचे पुढे काय?

न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली हाच प्रश्न होता. डॉक्टर शाळेत येऊन खरूज, उवा, डोळ्यांत खुपऱ्या असलेल्या मुलांना घरी धाडत. घरी उपचार होत नसत. मुले दिवसभर रस्त्यावर, आणि संध्याकाळी खेळायला शाळेतलेच सोबती! तेव्हा लिलियन वाल्ड यांनी आपल्या सेवाकेंद्रातील परिचारिका लीना रॉजर्स यांना महिनाभर चार शाळांत पाठवले. डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे त्या शाळेतच मलमपट्टी करीत, मग घरी जाऊन औषध कसे लावायचे ते आईला दाखवीत. पुढे आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुले घरी धाडली गेली होती. पुढच्या सप्टेंबरात १,१०१.

चांगली परिचारिका आजार लपवीत नाही, पण मुलाचे नाव वर्गात पुकारीतही नाही. आपल्याला मात्र नाव कळल्याशिवाय चैन पडत नाही. पालकसभेत ते नाव मागताना आपण नेमके कोणाला वाचवत असतो?