ओसरी आणि माजघर

मनुष्याने आपले किती उघड करावे व किती झाकून ठेवावे, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. परंतु तो महाविद्यालयाच्या वर्गात शिकविण्याचा विषय होईल, असे मागील पिढीस स्वप्नातही वाटले नसेल. आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ अवसरी खुर्द येथे २००९ सालापासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. तेथे किंवा तशा कोणत्याही विद्यालयात येणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी बहुधा प्रथमच घराबाहेर राहतो, आणि त्याच्या खिशातील मोबाईलमध्ये त्याचे सारे घर त्याच्याबरोबर येते. आईची छायाचित्रे, बहिणीचा क्रमांक, मित्राने मध्यरात्री सांगितलेले दुःख, सर्व त्यात असते. अशा विद्यार्थ्यास समाजमाध्यमांवर सुरक्षित राहण्यास शिकवावयाचे म्हणजे नेमके काय शिकवावयाचे, ह्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

सामान्यतः जे शिकविले जाते ते थोडक्यात असे: पासवर्ड लांब व प्रत्येक ठिकाणी निराळा असावा, ओटीपी कोणासही सांगू नये, अनोळखी लिंकला हात लावू नये, आपण कोठे आहोत हे विनाकारण कळू देऊ नये, आणि पैशाची फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. हे सर्व योग्यच आहे. दारास कडी असावी, हे कोण नाकारील? परंतु आपल्या दारास कडी लावण्यास शिकविणे निराळे, आणि दुसऱ्याच्या दारातून आत डोकावू नये हे शिकविणे निराळे. पहिले शिक्षण भयावर चालते, दुसरे मर्यादेवर. आणि हल्ली पहिल्याचाच भरणा फार, असे आम्हांस दिसते.

येथे कोणी म्हणेल की, खासगीपणा ही मुळी आपली कल्पनाच नव्हे. खेड्यात कोणाच्या चुलीवर काय शिजले हे संध्याकाळपर्यंत पारावर कळते. हा आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु जुन्या घराची रचना पाहावी. ओसरीवर कोणीही येऊन टेकावे, पाणी मागावे. माजघरात पाऊल टाकण्याचा अधिकार मात्र मोजक्यांचा. परका मनुष्य अंगणात शिरताना खाकरत असे, तो काही घसा बिघडला म्हणून नव्हे. शिवाय पारावर बसून पाहणारा स्वतःही इतरांस दिसत असे. त्याचे घर व त्याची उणी बाजू गावास ठाऊक असे, आणि त्यामुळे त्याच्या जिभेस थोडाबहुत लगाम राही. बोललेला शब्दही कालांतराने विरून जाई. समाजमाध्यमांत ह्यांपैकी काहीच उरत नाही. पाहणारा अदृश्य असतो, पाहिलेले पुसले जात नाही, आणि सारे घर म्हणजे एकच ओसरी होऊन बसते.

पाश्चात्त्यांतही हा विचार यंत्रामुळेच पुढे आला. १८९० साली अमेरिकेत सॅम्युएल वॉरेन व लुई ब्रँडाइस ह्या वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तो झटपट छायाचित्र टिपणारा कॅमेरा आणि घरगुती गोष्टी चव्हाट्यावर आणणारी वृत्तपत्रे ह्यांच्या उपद्रवामुळे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत हक्क होय असा एकमुखी निर्णय दिला. निर्णय थोर खरा; तथापि विद्यार्थ्याने त्यातून ‘माझा हक्क’ एवढेच उचलले, तर त्याने अर्धेच उचलले, असे आम्ही म्हणू.

कारण कायद्याचा हात सर्वत्र पोचत नाही. दुसऱ्याच्या देहाचे खासगी छायाचित्र संमतीवाचून टिपणे वा पसरविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमान्वये गुन्हा असून त्यास ३ वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. २०२३ सालचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मुख्यतः कंपन्या व संस्थांस बांधतो. एखाद्या व्यक्तीने घरगुती वा स्वतःच्या कामासाठी वापरलेली माहिती त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेविली आहे. तेही रास्तच होय. परंतु मैत्रिणीने विश्वासाने लिहिलेला संदेश चौघींस दाखविणे, किंवा झोपलेल्या सोबत्याचे हास्यास्पद चित्र वसतिगृहभर फिरविणे, ह्यांस मग बहुधा कोणती शिक्षा? जेथे कायदा थांबतो, तेथे शील उभे राहिले पाहिजे.

भयाच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा भार मुलींवर पडतो. चित्र टाकू नकोस, बोलू नकोस, खातेच बंद कर, असे तिला सांगतात. चोरी झाली की घरधन्यासच बोल लावावा, असा हा न्याय आहे. आता तर साध्या चेहऱ्याच्या चित्रावरून यंत्र बनावट चित्र घडवू शकते. म्हणजे जिने काहीच दाखविले नाही, तिचीही विटंबना होऊ शकते. मग ‘झाकून राहा’ हा उपदेश कोठवर पुरणार? शिवाय ज्या मुलीस केवळ भय शिकविले, ती संकट येताच प्रथम आईबापांपासूनच लपविते. आणि धमकावणाऱ्याचे सारे बळ त्या लपविण्यातच असते. वाचकांपैकी जे पालक आहेत त्यांनी ‘काही घडले तर आधी आम्हांस सांग, आम्ही रागावणार नाही’ एवढे वाक्य वेळीच उच्चारले, तर ते दहा कुलपांचे काम करील.

पुढे पाठविणे ही कृतीच नव्हे, असा तरुणांचा एक समज असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी फिरते आहे ह्या अफवेमुळे, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ निरपराध माणसांस ठार मारले. ती अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. ‘मी नुसते पुढे पाठविले’ असे त्या साखळीतील प्रत्येकास म्हणता आले असते. दुसऱ्याचे गुपित पुढे ढकलणाराही हेच म्हणतो.

ठकास शीलाचा उपदेश करून काय लाभ, असे कोणी विचारील. ठकासाठी कडी आहेच. परंतु गुपित ठेवावे लागते ते ओळखीच्या हातांत, आणि त्या हातांस कडी अडवीत नाही. म्हणून काहीही पुढे पाठविण्यापूर्वी ‘हे ज्याचे आहे, त्यास विचारले काय?’ असा प्रश्न स्वतःस करण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर शिकविण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. अवसरीसारख्या ठिकाणी संगणकाची विद्या शिकणाऱ्यांस तर हा प्रश्न दुप्पट लागू आहे. उद्या ॲपने लोकांजवळ कोणती माहिती मागावी व ती किती दिवस ठेवावी, हे त्यांच्यापैकीच कोणी ठरवील. घर बांधणाऱ्याने माजघरच ठेविले नाही, तर राहणाऱ्याने कड्या तरी कोठे लावाव्या?