रेघा गेल्या, दगड फुगीरच राहिला

गेला महिनाभर तू पोलादाला नावं ठेवतो आहेस, चामड्याच्या पट्ट्याला नावं ठेवतो आहेस, वस्तरा विकणाऱ्यालाही सोडलं नाहीस. तुझ्या धार लावायच्या दगडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिलं. मध्ये पट्टी टेकते आणि दोन्ही टोकांखालून उजेड येतो. दगड फुगीर आहे. आणि तू मला सांगतोस, "सर, पेन्सिलच्या सगळ्या रेघा गेल्या होत्या!"

दगडावर आखलेल्या रेघांची जाळी घासून गेली म्हणजे दगड ज्यावर घासलास त्याच्याशी जुळला, एवढंच. तो सपाट झाला, हे कोणी सांगितलं तुला? घासलास कुठे, तर ओट्याच्या फरशीवर वॉटर पेपर पसरून. ती फरशी सपाट आहे का, हे पाहायची गरज वाटली नाही. कागद ९ बाय ११ इंचांचा, दगड ८ इंच लांब. फिरवायला जागा कुठे उरली? हात इंच-दोन इंच मागेपुढे होतो, मधला कागद झिजून गुळगुळीत होतो आणि कडेचा ताजा कागद दगडाची टोकं खात सुटतो. त्यात पाण्याने फुगलेल्या कागदाची वळी दगडापुढे उठते आणि दर फेरीला त्याची कड मारते. लहान दगडाला ही पद्धत कशीबशी निभावते. मोठ्या दगडाला नाही. हे मी तुला सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस.

वस्तऱ्याला दगड सपाटच का लागतो, तेही ऐक. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन हाताने धरतात. तो थोडा चुकला तरी भाजी चिरली जाते. वस्तऱ्याचा कोन हाताने धरायचाच नसतो. पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकतात, आणि पाठीची जाडी कोन ठरवते. हा सगळा हिशेब खालचा दगड सपाट आहे असं धरून केलेला आहे. फुगीर दगडावर पात्याचा मधला भागच घासला जातो. टोक आणि टाच अधांतरी राहतात. मग धार येत नाही म्हणून तू जोर लावतोस. पाठीवर रुंद चकचकीत पट्टे पडतात, धारेची रेघ मध्ये आत जाते. गेलेलं पोलाद परत येत नाही. दोन्ही बाजूंचं पोलाद खाली आणूनच ती रेघ सरळ करावी लागते. चांगल्या पात्याचं आयुष्य तू असं घालवलंस, याचा मला राग आहे.

दोन दगड एकमेकांवर घासले की दोन्ही सपाट होतात, हेही तूच छातीठोकपणे सांगत होतास. होत नाहीत. एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट झाला, तरी दोन्ही गच्च जुळतात. तिसरा लागतोच. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० मध्ये ग्लासगोला धातूच्या सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला. तीन पाटांच्या पद्धतीशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पहिल्याशी जुळला, तर तिघांपैकी कोणालाच फुगीर किंवा खोलगट राहता येत नाही. पीळ मात्र त्यातूनही सुटू शकतो, कारण एकाच दिशेने पिळलेले दोन पृष्ठभाग समोरासमोर ठेवले तरी जुळतात. म्हणून पट्टी लांबीवर धरायची, रुंदीवर धरायची आणि दोन्ही कर्णांवरही धरायची. कर्ण तू एकदाही तपासला नाहीस.

आता दगडाच्या दीडपट तरी लांब अशी जाड काच किंवा तपासलेली ग्रॅनाइटची पाटी आण. कागद तिला पूर्ण चिकटलेला हवा, कुठेही फुगा नको. बोटं दगडाच्या मधोमध ठेव, टोकांवर भार टाकू नकोस. थोड्या थोड्या वेळाने दगड उलट दिशेला फिरव. कागद झिजला की बदल. इथे पैसे वाचवायचे नसतात. डायमंड प्लेट वापरणार असशील तर आधी तिच्यावरही पट्टी धर. रेघा गेल्या की पुन्हा जाळी आखायची. दुसऱ्या वेळी ती चारी कोपऱ्यांत आणि मध्ये एकदमच पुसट व्हायला हवी. एक कोपरा मागे राहिला तर काम संपलेलं नाही.

आणि त्या पिवळ्या कॉटिक्यूलला माझ्या परवानगीशिवाय हात लावू नकोस. बेल्जियमच्या आर्देनमधला, व्हिएलसामकडचा नैसर्गिक दगड आहे तो. त्याच्यातले गार्नेटचे बारीक कण धार लावतात. पिवळा थर पातळ आहे आणि खाली स्लेटचा आधार आहे. हात बसेपर्यंत तुझ्या प्रयोगांत तो थर झिजवायचा नाही. त्याच्यावर घासायची भरड मोकळी पूड तर कधीच टाकायची नाही. मऊ दगडात रुतलेला एकच दाणा धारेला दात पाडतो. आधी हा मोठा दगड सपाट कर, त्याच्या चारी कडा तिरक्या मारून घे, खळखळून धू आणि पट्टीसकट मला दाखव.