वंशावळ : रक्ताची की स्वीकाराची?

आपण कोणाचे कोण, हा प्रश्न माणसाला केव्हा ना केव्हा पडतोच. तरुणपणी पुढे काय व्हायचे याचीच घाई असते. पण घरातील वडीलधारी माणसे एकेक करून निघून जाऊ लागली, की मागे वळून पाहावेसे वाटते. पणजोबा कोणत्या गावाहून आले, घराण्यात स्नानसंस्कार प्रथम कोणी स्वीकारला, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. मग पावले धर्मग्रामाच्या कचेरीकडे वळतात. परदेशी स्थायिक झालेली नातवंडे संगणकावर कुळाचा वृक्ष मांडतात आणि त्यातील मोकळ्या जागा भरून द्याव्यात म्हणून इकडे विचारणा करतात.

ही ओढ चांगलीच आहे. मात्र तिच्या पाठोपाठ बहुधा आणखी एक इच्छा चालत येते : शोधता शोधता कोणी मोठा माणूस हाती लागावा. कोणी वतनदार, कोणी पंडित, कोणी धर्मगुरू, निदान उच्च मानल्या गेलेल्या जातीचा मूळपुरुष. ज्या घराण्याला असा पुरुष सापडतो ते त्याचे नाव दिवाणखान्यात लावते. ज्याला दुसरेच काही सापडते ते वही मिटून गप्प बसते. पूर्वजांचा शोध घ्यावा तो कशासाठी, आणि त्यातून आपल्याला मिळते ते काय, मान की ऋण, याचा विचार येथे आम्ही करू इच्छितो.

वंशाच्या नोंदी ठेवण्याची चाल आपल्या मुलखाला नवी नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर जाऊन कुळाची माहिती वाचून दाखवतात. अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. 2023 सालापासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली, तेव्हा पणजोबांच्या नावापुढील एका शब्दाला केवढे वजन असू शकते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

ख्रिस्तसभेची नोंदवही मात्र वेगळ्या हेतूने जन्माला आली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून घेण्याची आज्ञा दिली. गुप्त विवाहांमुळे टाकल्या जाणाऱ्या स्त्रियांना आधार मिळावा, कोणी दुसऱ्यांदा लपून लग्न करू नये, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे ही वही कुळाचा मोठेपणा जपण्यासाठी नव्हे, दुर्बळाच्या रक्षणासाठी सुरू झाली. तिच्यात सरदाराची आणि स्वयंपाक्याची नोंद एकाच ओळीत, एकाच शाईने होते. जन्मतारीख, स्नानसंस्काराची तारीख, नाव, आईबाप, राहण्याचे ठिकाण, धर्ममातापिता, धर्मगुरूची सही; समासात पुढे दृढीकरणाची आणि विवाहाची टीप. यापलीकडे कोणाचेही कौतुक नाही.

आमच्या नागपूरचेच पाहा. येथील धर्मकार्य एकोणिसाव्या शतकात विशाखापट्टणमच्या मिशनशी जोडलेले होते. 1887 मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि 1953 मध्ये महाधर्मप्रांत. या काळात येथे लोक आले ते चहूकडून. कामठीच्या छावणीत मद्रास फौजेबरोबर तमिळ व तेलुगू भाषक आले. 1867 मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोहोचली, तिच्याबरोबर गोव्याचे आणि कोकणपट्टीचे लोक आले. 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतील माणसे गिरणीच्या भोंग्याला बांधली गेली. पुढे केरळातून आणि छोटा नागपुरातून कुटुंबे आली. अशा धर्मग्रामात शुद्ध कुळाची गोष्ट कोणी कोणाला सांगावी?

थोडा हिशेब करून पाहू. प्रत्येकाला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पुढे आठ, सोळा. दहाव्या पिढीत ही संख्या 1024 होते. विसाव्या पिढीत दहा लाखांवर जाते. वसईचा किल्ला 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकला, त्या काळात जगलेले आपले पूर्वज साधारणतः दहाव्या पिढीतले. त्या 1024 जागांपैकी एका जागेवर कोणी नामवंत सापडला, तर उरलेल्या 1023 जणांचे काय? त्यांतील कोणी भात लावत होती, कोणी मासे सुकवत होता, कोणी कर्जात बुडालेला, कोणी विधवा. त्यांच्यापैकी एकही जण नसता तर आपण नसतो. एकाला निवडून आपला म्हणायचे आणि हजारांना विसरायचे, ही पूर्वजभक्ती नव्हे. तो आपल्याच सोयीचा पूर्वज निवडण्याचा प्रकार आहे. शिवाय इतक्या जागा भरायला त्या काळच्या गावात तितकी माणसेही नसत. तेच तेच पूर्वज फिरून फिरून अनेकांच्या वंशावळीत येतात. ज्याला आपण परका समजतो तो पाच-सात पिढ्यांमागे आपलाच भाऊबंद निघण्याचा संभव मोठा.

वंशावळीचे वेड पवित्र शास्त्राच्या काळातही होतेच. बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर काही याजकघराण्यांना आपली नोंद सापडली नाही, म्हणून त्यांना याजकपणातून दूर ठेवण्यात आले, असे एज्राच्या ग्रंथात लिहिले आहे. पुढे योहान बाप्तिस्ताने मात्र अब्राहामाचे वंशज म्हणवून घेणाऱ्यांना बजावले की देव दगडधोंड्यांतूनही अब्राहामाला मुले देऊ शकतो. संत पौलाने तीमथ्याला अंतहीन वंशावळ्यांच्या नादी लागू नये असा इशारा दिला. असे असताना नव्या कराराचे पहिलेच पान वंशावळीने उघडते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मत्तयाने दिलेली ती नामावळी सरळ वाचली तर चकित व्हायला होते. त्याने चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडले आणि त्यासाठी यहूदाचे तीन राजे सरळ गाळले. पण तामारेला गाळले नाही, यरीहोच्या राहाबेला गाळले नाही, परकी मवाबी म्हणून जिला मंडळीत स्थान नव्हते त्या रूथला गाळले नाही. उरियाच्या बायकोचा उल्लेख करताना तर दावीदाचे पाप कोणी विसरू नये अशीच शब्दयोजना केली. मूर्तिपूजक मनश्शेही तेथे आहे. आपण कुलवृत्तांत छापताना नेमके जे वगळतो तेच त्याने ठेवले आहे.

आणि शेवटी काय होते? अब्राहामापासून निघालेली ती साखळी योसेफापर्यंत येते आणि तेथे रक्ताचा धागा संपतो. येशू मरियेचा पुत्र आहे. योसेफ त्याचा जन्मदाता नाही. देवदूताच्या सांगण्यावरून योसेफाने मरियेला घरी आणले आणि बाळाचे नाव ठेवले. नाव ठेवणे म्हणजे हे मूल माझे, असे जगासमोर मान्य करणे. त्या एका स्वीकाराने येशू दावीदाच्या घराण्यातला झाला. तारणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची वंशावळ शेवटच्या पायरीवर रक्तावर नव्हे, स्वीकारावर उभी आहे.

हा भेद केवळ धर्मशास्त्राचा नाही. नागपूरच्या भूमीने त्याची मोठी किंमत मोजली आहे. 1818 मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेब भोसले यांना पदच्युत केले, तेव्हा दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा दत्तक घेऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसवण्यात आला. इंग्रजांना तो दत्तक चालला. हेच तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरात पोटी पुत्र नसताना वारले. राजघराण्यातील स्त्रियांनी, विशेषतः वृद्ध बांकाबाईंनी, दत्तकाचा हक्क मांडला. पण या खेपेस लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही. 1854 मध्ये राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातील जडजवाहीर व जनावरे लिलावात गेली. ज्याला घराणे आपले म्हणते तो त्या घराण्याचा, ही येथील लोकांची समजूत. सत्तेने सोयीनुसार ती कधी मानली, कधी झिडकारली. रक्ताचा आग्रह नेहमी सत्याच्या प्रेमातून येतो असे नाही, तो पुष्कळदा लोभातून येतो, एवढे तरी या इतिहासातून आम्ही शिकावे.

आता ज्या नोंदींपाशी वंशावळ शोधणारा थबकतो त्यांकडे येऊ. 1896-97 आणि 1899-1900 या वर्षी मध्य प्रांतावर दुष्काळ कोसळले. आईबाप गमावलेली मुले रस्त्यांवर फिरत होती. पंडिता रमाबाईंनी याच प्रांतात फिरून शेकडो मुलींना केडगावला आश्रय दिला. कॅथलिक मिशनच्या अनाथालयांनीही अशी मुले पदराखाली घेतली. अशा मुलांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीत पित्याच्या रकान्यात काय लिहिणार? लॅटिनमध्ये एकच शब्द : इग्नोतुस, म्हणजे अज्ञात. कित्येकदा मातेच्या रकान्यातही तोच. वंशावळ शोधत आलेल्या पणतवाला तेथे भिंत लागते. काहींना ती लाज वाटते.

आम्हांला वाटते, तेथेच गुडघे टेकावेत. कारण त्याच ओळीत पुढे धर्ममातेचे नाव असते, धर्मपित्याचे असते, पाणी ओतणाऱ्या धर्मगुरूचे असते. ज्यांचे काही नाते नव्हते अशा माणसांनी त्या मुलासाठी उभे राहून शब्द दिला. त्या दिवशी एक घराणे सुरू झाले, ते कोणाच्या बीजातून नव्हे, कोणाच्या दयेतून. ख्रिस्तसभेचा कायदाही हे जाणतो. 1983 च्या संहितेतील 877 वे कलम सांगते की दत्तक घेतलेल्या मुलाच्या नोंदीत दत्तक आईबापांची नावे लिहावीत. संत पौलाच्या शिकवणीनुसार आपण सारेच देवाचे दत्तकपुत्र आहोत. मग कोणाच्या रकान्यात अज्ञात लिहिले आहे म्हणून त्याला कमी का लेखावे?

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. आमच्या समाजात विवाह जुळवताना तुम्ही मूळचे कोण, हा प्रश्न अजूनही दबक्या आवाजात विचारला जातो. धर्मग्रामाच्या जुन्या वह्या कधी कधी त्याच हेतूने पाहायला मागितल्या जातात. ज्या दलित बांधवांनी ख्रिस्त स्वीकारला त्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींपासून दूर ठेवले. त्यात शिखांचा 1956 मध्ये आणि बौद्धांचा 1990 मध्ये समावेश झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. कायद्याने त्यांना म्हटले, तुम्ही आता त्या जातीचे नाही. आणि आम्ही त्याच वेदीसमोर बसून त्यांना म्हणतो, तुम्ही अजून त्याच जातीचे आहात. दोन्हीकडून नाकारलेल्या त्या भावाने आपली वंशावळ कोठे मांडावी? जी वही त्याला स्वीकारण्यासाठी उघडली गेली, तिचाच उपयोग त्याला हिणवण्यासाठी करणे, हे स्नानसंस्काराचे पाणी मागे ओढून घेण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, मग थोर पूर्वजांचा अभिमान बाळगूच नये काय? बाळगावा, पण तो कोणत्या जातीचा अभिमान, हे पाहावे. बेन सिराच्या ग्रंथात पूर्वजांचे मोठे स्तवन आहे, आणि त्याच अध्यायात ज्यांची आठवणही मागे उरली नाही अशांचेही स्मरण आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. ते फ्रान्सिस्कन बंधू होते. त्यांच्या रक्ताचा थेट वारस आज कोणीच असू शकत नाही. म्हणूनच त्यांना आपला पूर्वज म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. अट एवढीच की त्यांची निष्ठा थोडी तरी आपल्या अंगी असावी. थोर पूर्वज हे वतन नव्हे, ते उत्तरदायित्व आहे.

तेव्हा शोध जरूर घ्यावा. घरातील वृद्धांना आजच विचारावे, ते सांगतील ते लिहून ठेवावे. बापाकडील नावांबरोबर आईकडील नावेही लिहावीत. ती सर्वांत आधी पुसली जातात. धर्ममातापित्यांची नावे वगळू नयेत. ज्या नोंदीने जिवंत माणसाला इजा होईल ती चव्हाट्यावर आणू नये. जेथे नाव सापडत नाही तेथे खोटे नाव भरू नये; तो रकाना तसाच राहू द्यावा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

दोन नोव्हेंबरला सर्व मृतांच्या दिनी आपण दफनभूमीत जातो. ज्या थडग्यांवरील अक्षरे झिजून गेली आहेत त्यांच्यावरही त्या संध्याकाळी कोणी ना कोणी एक मेणबत्ती लावून जातो. आत कोण आहे, त्याचे कूळ कोणते, हे तो विचारत नाही. पूर्वजांशी नाते जोडण्याची याहून खरी रीत आम्हांला ठाऊक नाही.