दारावरचं चाक

नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर चढलात, की तिसऱ्या लेण्याच्या दारापाशी जरा थांबा. दाराच्या वर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र कोरलेलं आहे, सोबत पूजा करणारे उपासक. दारावर बुद्धाची मूर्ती नाही. सारनाथच्या पहिल्या उपदेशानं धम्माचं चाक फिरू लागलं, ही श्रद्धा सांगायला तेवढी खूण पुरे होती.

त्याच भिंतीवर गौतमी बलश्रीचा दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी गाताना ही आई अभिमानानं नोंदवते, की त्यानं चार वर्णांचा संकर थांबवला. आणि लेणं दान देते भिक्खूंना. ज्यांच्या संघात शिरल्यावर जात मागे पडावी, अशांना! वर्ण राखणारा राजा आणि वर्ण न मानणारं चाक एकाच भिंतीवर. चक्राचा अर्थ कोरला तेव्हाही एकच नव्हता.

पुढे भिक्खू गेले. लोकांनी लेणी पांडवांच्या नावे केली. दहाव्या लेण्यातल्या स्तूपातून तर भैरव घडवला गेला. याचा मला राग येत नाही. नवे भाविक जुन्या दगडात आपला देव शोधणारच.

राग येतो तो पंचवटीतल्या दुसऱ्या चाकांपाशी. कामदा एकादशीला काळारामाचा रामरथ निघतो. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांचा, अस्पृश्यांना या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणूनचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला. चैत्रात रथयात्रा आली, तेव्हा स्पृश्य-अस्पृश्य दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. शब्द मोडला गेला. रथ परस्पर पळवला, दगडफेक झाली. रामाचा रथ म्हणजे सगळ्यांचा रथ, असं किती सहज म्हणतो आपण! दोराला हात लावू दिला नाही, तिथे त्या चाकाचा अर्थ वेगळाच झाला. प्रतीकाला कोण हात लावू शकतो, यातच त्याचा खरा अर्थ असतो, असं मला वाटतं.

मंदिराचं दार पाच वर्षांत उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. 22 जुलै 1947 रोजी अशोकाचं चक्र राष्ट्रध्वजावर आलं. ध्वज ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेबही होते. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी त्यांच्यासोबत बौद्ध धम्म घेऊन ते चाक आपलं म्हणून स्वीकारलं. ज्यांना दोर नाकारला, त्यांच्या निळ्या झेंड्यावर आज तेच चक्र आहे.

म्हणून नाशिककरांना एक विनंती. यंदा रामरथाचा दोर धरण्याआधी एकदा त्रिरश्मी चढा आणि त्या दाराखाली उभे राहा.